पंधरा पैशांचा प्रश्न

आपण दहावीत होतो ते 1995-96 हे वर्ष. बहुतेकांना ते गाईड, सराव परीक्षा आणि मार्चमधली बोर्डाची परीक्षा यांमुळे आठवत असेल. पण त्या वर्षी आपल्या अवतीभवती तीन गोष्टी घडल्या. त्या एका ओळीत मांडल्या, तर माहितीचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत कूस बदलत होता हे लक्षात येते.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत ते आले; आपल्या तालुक्याच्या गावी त्याचा पत्ताही नव्हता. 21 सप्टेंबरला गणपती दूध पितो अशी बातमी पसरली आणि काही तासांत ती देशभरच नव्हे, तर परदेशातल्या देवळांपर्यंत पोहोचली. इंटरनेटशिवाय, नुसत्या टेलिफोनवर आणि तोंडातोंडी! द्रवाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण हे शब्द आपल्या विज्ञानाच्या सरांनी त्या आठवड्यात किती वेळा उच्चारले असतील याची गणतीच नाही. त्यानंतर 24 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण झाले. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास दिसले, आपल्याकडे खंडग्रास. दूरदर्शनने ते थेट दाखवले. तरी अनेक घरांची दारे-खिडक्या त्या सकाळी बंदच होती.

तीस वर्षांनी आपण पुन्हा एकत्र येत आहोत. आता आपली मुले आपण तेव्हा होतो त्या वयाची आहेत, काहींची तर कॉलेजात आहेत. आपल्या ग्रुपवर वर्गणीच्या चर्चेत एक वाद सतत डोके वर काढतो. शाळेला डिजिटल वर्ग द्यायचा की वाचनालय? एक बाजू म्हणते, हल्ली सगळे मोबाईलमध्ये मिळते, पुस्तकांची कपाटे कशाला? दुसरी म्हणते, सगळे मिळते म्हणूनच तर मुलांना कशाचे नवल वाटेनासे झाले. या दुसऱ्या वाक्यासाठी हा लेख आहे. ते खरे आहे का? मराठी मुलांपर्यंत माहिती कशी पोहोचत आली हे पाहिले, तर उत्तर आपल्याला वाटते तितके सरळ निघत नाही.

टंचाईचा काळ

बाळशास्त्री जांभेकरांचे नाव आपल्याला 1832 च्या 'दर्पण'मुळे ठाऊक आहे. त्यांनी 1840 मध्ये 'दिग्दर्शन' हे मराठीतले पहिले मासिक काढले. त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय असत. बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये शिकवत. कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिणारा हा माणूस मुलांसाठी 'नीतिकथा' आणि 'बालव्याकरण'ही लिहीत होता. 1846 मध्ये ऐन तारुण्यात ते गेले.

त्यानंतर 1881 मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक सुरू केले आणि तीन दशकांहून अधिक काळ जवळजवळ एकहाती लिहिले. थोरांची चरित्रे, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती, असा त्याचा ऐवज असे. 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' आले, 1928 मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' आले. मोठ्यांसाठी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1920 च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड पुरे केले. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढली आणि वर्गणीदार मिळवायला गावोगाव पायपीट केली.

या साऱ्यांना अडचण वाटत होती ती माहितीच्या टंचाईची. फार माहिती दिली तर मुलांचे कुतूहल मरेल अशी भीती त्यांना वाटली नाही. उलट, माहिती मिळाली की कुतूहल जागे होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. ग्रहण म्हणजे राहूने सूर्य गिळणे, ही कल्पना म्हणून किती सुंदर आहे! पण ती कोण्या मुलाने केलेली कल्पना नव्हती. ती त्याला तयार मिळालेली होती. आणि तिच्याबरोबर दार लावून बसण्याची आज्ञाही मिळत होती. चंद्राची सावली पृथ्वीवरून धावत जाते हे कळलेले मूल दार उघडून बाहेर येते. म्हणजे माहितीने नवल मारले नाही, त्याला अंगणात आणले. अज्ञान आणि नवल यांत आपण नेहमी गल्लत करतो. ओक-आपट्यांनी ती केली नव्हती.

कल्पनाशक्तीचेही तसेच. आपल्यापैकी अनेकांनी भा. रा. भागवतांच्या लेखणीतून ज्यूल व्हर्न वाचला, तो फ्रेंच आहे हे कळण्याच्या कितीतरी आधी. व्हर्न मासिके आणि अहवाल वाचून टिपणांचे ढीग जमवत असे. 1865 च्या कादंबरीत त्याने चंद्राकडे जाणारा तोफगोळा अमेरिकेतल्या फ्लोरिडातून उडवला, कारण त्यासाठी विषुववृत्ताजवळची जागा सोयीची, हा हिशेब त्याने केला होता. 1969 मध्ये अपोलो 11 फ्लोरिडातूनच निघाले. त्याच्या कल्पनेला माहितीचे खतपाणी होते. पण माहिती अपुरी होती, आणि उरलेली जागा त्याने स्वतः भरली.

वर्णमालेची वाट

आता आपल्या काळाकडे येते. बालभारतीची स्थापना 1967 ची, 'किशोर' मासिक नोव्हेंबर 1971 पासूनचे. आणि आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोश घडवत होते. पहिला खंड 1976 चा. शाळेच्या कपाटात ते जाडजूड खंड होते आणि किल्ली ग्रंथपाल बाईंच्या पदराला. वाचनाच्या तासाला ते हाती येत.

विश्वकोश वर्णमालेच्या क्रमाने निघत होता, त्यामुळे एक गंमत झाली. 'अ' ते 'प' पर्यंतच्या नोंदी कधीच्या छापून झाल्या होत्या, पण 'ह' च्या खंडाला अजून अवकाश होता. अखेरचा, विसावा खंड 2015 मध्ये आला. म्हणजे शाळेत असताना आपल्याला 'गरुड' सापडत होता, 'हत्ती' नाही. 'आल्प्स' मिळत होता, 'हिमालय' नाही. जगाची अर्धी माहिती हाताशी आणि अर्धी अजून लिहिली जायची आहे, अशा स्थितीत आपण वाढलो. शिवाय एक नोंद शोधताना वाटेत दहा नोंदी भेटत. धरणांविषयी वाचायला जावे आणि धूमकेतूपाशी रेंगाळावे. ज्याला संगणकाच्या भाषेत शोध म्हणतात तो थेट उत्तराशी नेतो. पुस्तकाची पाने वाटेतल्या गावांवरून नेत.

खंडांत नसलेल्या गोष्टींसाठी पोस्टकार्ड होते, पंधरा पैशांचे. दूरदर्शनवर 'सुरभि'च्या प्रश्नांना इतकी पत्रे येत की टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळे, महाग पोस्टकार्ड काढले. 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रा. यश पाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. आणि आपल्या महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर होते.

नारळीकरांची एक पद्धत प्रसिद्ध आहे. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा ते वहीत सही करायचे नाकारत. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि खाली सही असेल, असे ते सांगत. मुले प्रश्न पाठवत, आणि ते उत्तरे लिहीत. केंब्रिजहून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेला आणि 1988 पासून पुण्यात आयुका उभारणारा शास्त्रज्ञ हे करत होता! स्वतःच्या प्रसिद्धीचा आधार नको म्हणून याच माणसाने 1974 मध्ये 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आणि तिला बक्षीस मिळाले होते. 20 मे 2025 रोजी ते गेले, तेव्हा त्या पोस्टकार्डांच्या आठवणी अनेकांनी काढल्या.

या पद्धतीचा विचार करावा तितका थोडा. सही मागणे सोपे असते. त्याला काही लागत नाही. प्रश्न लिहायला बसले की आपल्याला नक्की काय माहीत नाही हे आधी शोधावे लागते. तो एका कार्डाच्या जागेत बसवावा लागतो. मग कार्ड पेटीत पडते आणि उत्तर येईपर्यंत दिवस जातात. त्या दिवसांत डोके स्वस्थ बसत नाही. असे असेल का, तसे असेल का, याचे खेळ सुरू होतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या व्यवसायात विचारणा केल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या वेळेला लेटन्सी म्हणतात, आणि ती कमी करणे हे माझे वीस वर्षांचे काम आहे. सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी आम्ही भांडतो. बँकेच्या व्यवहारात तो विलंब निव्वळ तोटा असतो. मुलाच्या डोक्यात मात्र तो विलंब रिकामा नसतो. अंदाज, कल्पना, वेडेवाकडे सिद्धांत तिथेच उगवतात.

पण ते दिवस सुवर्णयुग नव्हते

इथे थांबून टंचाईचे गोडवे गाणे सोपे आहे. मित्रमैत्रिणींनो, ते मला पटत नाही. आपल्या वर्गात साठ मुले होतो. किती घरांत रोज वर्तमानपत्र येत होते? शाळा सुटल्यावर ज्यांना थेट गोठ्यात किंवा पाणवठ्यावर जायचे होते, त्या मैत्रिणींना वाचनालयाच्या पायऱ्या कधी चढता आल्या? त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा कमी नव्हते. कीटक, बियाणे, पाऊस, गाय विताना काय होते, यांवरचे त्यांचे प्रश्न तर आपल्याहून नेमके असत. उत्तराकडे जाणारा रस्ता मात्र नव्हता. ज्या प्रश्नाला कधीच उत्तर मिळत नाही, तो विचारण्याची सवय माणूस सोडतो. टंचाईनेही कुतूहल मरते. फक्त ते आवाज न करता मरते, आणि त्याच्यावर कोणी स्मरणिकेत लेख लिहीत नाही.

पुढचा इतिहास वेगाने घडला. 1998 मध्ये गुगल आले. आम्ही इंजिनिअरिंगला होतो, तेव्हा सायबर कॅफेत तासावर पैसे मोजावे लागत, म्हणून जाण्याआधी कागदावर प्रश्नांची यादी करत असू. 2001 मध्ये विकिपीडिया सुरू झाला आणि 2003 च्या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया. पुढे विश्वकोश इंटरनेटवर मोफत आला, 'किशोर'चे जुने अंकही आले. 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या आणि फोन हीच शाळा झाली. ज्यांच्या घरी तो नव्हता ती मुले मागे पडली. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि उत्तर शोधण्याऐवजी उत्तर लिहूनच मिळू लागले. ज्या मैत्रिणींना वाचनालय गाठता आले नाही, त्यांच्या मुली आज मराठीत प्रश्न विचारून मराठीत उत्तर मिळवतात. हा तोटा आहे असे मी म्हणणार नाही.

मग नवल कमी झाले का? अमेरिकेतल्या क्युंग ही किम या संशोधिकेने 2011 मध्ये सुमारे पावणेतीन लाख सर्जनशीलता-चाचण्यांचे गुण तपासले. 1990 नंतर गुण घसरत गेले, आणि लहान मुलांत ती घसरण अधिक होती, असे तिला आढळले. हा आकडा हल्ली इंटरनेटविरुद्ध पुरावा म्हणून फिरतो. पण साल पाहा. 1990 मध्ये मुलांच्या हाती इंटरनेट नव्हते. घसरणीची सुरुवात त्याच्या आधीची असेल, तर परीक्षांचे ओझे, वेळापत्रकात जखडलेले बालपण, मोकळ्या खेळाचा अभाव यांनाही जाब विचारायला हवा. सगळे खापर फोनच्या माथी मारणे आपल्याला सोयीचे आहे, इतकेच.

दोन प्रयोग मला अधिक बोलके वाटतात. 1999 च्या जानेवारीत दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रांनी वस्तीला लागून असलेल्या भिंतीत भोक पाडून एक संगणक बसवला. शिकवायला कोणी नव्हते. वस्तीतली मुले थोड्याच दिवसांत तो स्वतःहून वापरू लागली. या प्रयोगाचे पुढे फार कौतुक झाले आणि टीकाही झाली. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: पडदा एक आणि मुले अनेक. एक चालवतो, दुसरा चूक दाखवतो, तिसरी पाठीमागून ओरडते. माहिती होती, पण ती मिळवताना भांडण होते. आज प्रत्येक मुलाचा पडदा वेगळा आहे. माहिती वाढली, भांडण गेले.

दुसरा प्रयोग एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा, 2011 चा. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक नवे खेळणे दिले. त्यात चार करामती दडवल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने मुद्दाम शिकवले: बघ, हे असे चालते, आणि एक करामत दाखवली. काहींसमोर तीच करामत जणू चुकून घडली. शिकवलेली मुले दाखवलेल्या करामतीवर थांबली. उरलेल्या मुलांनी जास्त वेळ खेळून इतर करामती शोधल्या. जाणत्याने दाखवले म्हणजे एवढेच असणार, असा अंदाज मुलांनी बांधला. तो अंदाज मूर्खपणाचा नाही. पण त्याने शोध थांबला.

माझ्या मते दुखणे इथे आहे. कुतूहल माहितीने संपत नाही. विषय संपला अशा सुरात येणाऱ्या उत्तराने संपते. पूर्वी हा सूर मोठी माणसे लावत: गप्प बस, नसते प्रश्न विचारू नकोस. आता तोच सूर पडदा लावतो, फार गोड शब्दांत आणि क्षणात. आपल्या सरांना एखादे उत्तर येत नसे, तेव्हा ते खडू खाली ठेवून म्हणत, उद्या बघून सांगतो, तुम्हीही बघून या. त्या वाक्याने साठ मुले कामाला लागत. यंत्राला असे म्हणता येत नाही. निदान अजून तरी ते आपणहून म्हणत नाही.

मग वर्गणीचे काय?

म्हणून डिजिटल वर्ग की वाचनालय, हा वाद मला चुकीच्या जागी लढलेला वाटतो. दोन्ही द्या, मुलांना दोन्ही हवे आहे. वायफायही द्या. पण त्याबरोबर ज्याला फारसा खर्च नाही असे एक काम आपण अंगावर घ्यावे असे सुचवते. शाळेत एक प्रश्नपेटी ठेवू. मुलाने कार्डावर प्रश्न लिहायचा आणि त्याखाली स्वतःचा अंदाज. अंदाजाशिवाय कार्ड स्वीकारायचे नाही. आठवडाभराने सर किंवा बाई ती कार्डे वर्गात वाचतील, मुले आपसांत वाद घालतील, आणि मगच पडदा उघडायचा. पडद्यावर दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे सापडली, तर उत्तमच. ज्या प्रश्नांवर वर्ग अडेल, ते आपल्याकडे पाठवावेत. आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, वीज मंडळातले आहेत, शिक्षिका आहेत, किराणा दुकानदार आहेत. द्राक्षावरच्या रोगाविषयी आपल्या बागायतदार मित्राइतके नेमके कोण सांगेल? महिन्याला एक कार्ड प्रत्येकाने घ्यावे आणि हाताने उत्तर लिहावे. जिथे माहीत नसेल तिथे माहीत नाही असे लिहावे, आणि पुढे एक प्रश्न जोडावा.

पहिल्या वर्षासाठी एक मुहूर्तही हाताशी आहे. 2 ऑगस्ट 2027 रोजी, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. स्पेनपासून इजिप्त-अरबस्तानपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास दिसेल. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, आणि तेही श्रावणाच्या तोंडावरचे ढग दूर झाले तर. किती वाजता सुरू होणार, किती टक्के झाकणार, हे कोणतेही मूल फोनवर क्षणात पाहील. ते पाहू द्या. पण चिंचेच्या झाडाखालच्या उन्हाच्या कवडशांचे आकार त्या वेळी कसे होतील, याचा अंदाज त्याला आदल्या आठवड्यात कार्डावर लिहायला सांगू या. चित्र काढायला सांगू या. मग ग्रहणचष्मे वाटून सगळ्या शाळेला मैदानावर नेऊ.

ढग आले तर कार्डे जपून ठेवू, पुढचे ग्रहण येईलच. मुलांना तेवढी वाट पाहता आली, तर आपली वर्गणी कामी आली असे मी समजेन.